गंधपुरा तेल आणि झायलीन: कडक पडलेल्या रबरावर कुठे चालतं, कुठे चालत नाही

जुन्या मोटारसायकलींवर काम करणाऱ्या बहुतेकांनी हे मिश्रण ऐकलेलं तरी असतं: एक भाग गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल, दोन भाग झायलीन हे थिनरसारखं द्रावक. लाकडासारखा खणखणीत झालेला एअरबॉक्सचा बूट, म्हणजे हवेच्या गाळणीची पेटी आणि कार्बोरेटर यांना जोडणारी रबरी नळी, त्यात दोन दिवस पडून राहिला की बोटांनी पिळता येतो. पिळता आला म्हणून तो नवा झाला असं मात्र होत नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. एका बरणीत अख्ख्या गाडीचं रबर तरुण करायला निघालेला माणूस शेवटी ब्रेकचे सीलही त्याच बरणीत टाकतो. म्हणून इथे मिश्रणाला सरसकट गुण न देता भागागणिक दिले आहेत. घाई असेल तर एवढंच वाचा: एअरबॉक्सचे बूट आणि ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) यांच्यासाठी उत्तम, इनटेक मॅनिफोल्डसाठी (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा रबरी तुकडा) तात्पुरतं, आणि जिथे ब्रेक, दाब किंवा ओठाचं सील (पातळ कडेने दांड्याला चिकटून तेल किंवा हवा अडवणारं) आहे तिथे शून्य.

रबराचं होतं काय

कारखान्यातून निघालेल्या रबरात काजळी, गंधक, मेण, ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं आणि लवचीकपणासाठी तेलासारखं प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. हे प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेने उडत राहतं आणि पेट्रोल-तेलाच्या संपर्कात धुऊन निघतं. रबर आकसतं, कडक होतं. दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन रबराच्या साखळ्यांमध्ये नवनवे सांधे घालत जातो. व्हल्कनायझेशन, म्हणजे कारखान्यात गंधकाने रबर पक्कं करण्याची क्रिया, कधी थांबलंच नाही असं समजा. तिसरा शत्रू ओझोन. तो ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पाडतो. म्हणून बूट जिथे वाकलेला असतो किंवा क्लॅम्पच्या कडेला ताणलेला असतो, तिथेच आधी भेगा दिसतात.

गंधपुऱ्याचं तेल यातला पहिला तोटा भरून काढतं. वाढलेले सांधे ते तोडत नाही, चिरा ते सांधत नाही. जो भाग मुख्यतः प्लास्टिसायझर गेल्यामुळे कडक झालाय त्याला गुण येतो. जो आतपर्यंत ऑक्सिडीकरणाने पिकलाय तो फुगतो, थोडा मऊ वाटतो आणि वाकवला की फुटतो.

ओळखायचं कसं? भाग कोमट करा, हाताने साधारण काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या बाहेरच्या बाजूकडे उजेडात बघा. केसासारख्या, पृष्ठभागावरच्या चिरा उघडल्या तर आशा आहे. चीर उघडून तिच्या तळाशी करडा, कोरडा भुगा दिसला, किंवा चीर जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून खोल गेली, तर तो भाग बरणीत टाकून तेल वाया घालवू नका. अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण उमटून हळूहळू भरून येत असेल तर उत्तम, नख नुसतं घसरत असेल तर कठीण. कडकपणा मोजायचं शोअर ए मापक हाताशी असेल तर नव्या बुटाचं वाचन साधारण ५५ ते ६५ आणि कडक झालेल्याचं ८० च्या वर मिळेल. मात्र मापकाला खाली किमान ६ मिमी जाडी लागते. ४ मिमीच्या भिंतीवर, खाली टेबल ठेवून घेतलेलं वाचन नेहमी जास्त येतं आणि माणूस उगाच घाबरतो. दोन थर एकावर एक ठेवून मोजा.

उलटा बिघाडही असतो: रबर कडक न होता चिकट, चिखलासारखं झालेलं. इंजिन ऑइलमध्ये भिजत राहिलेलं नैसर्गिक रबर असं होतं. त्याच्यावर हा उपाय करणं म्हणजे आगीत तेल.

मिश्रणात कोण काय करतं

गंधपुऱ्याच्या तेलात ९५ टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते २२२ अंश सेल्सियसला उकळतं, त्यामुळे एकदा रबरात शिरलं की बराच काळ तिथे टिकतं. झायलीन १४० अंशांच्या आसपास उकळतं, रबराला झपाट्याने फुगवतं आणि तेलाला आत जायला वाट करून देतं. मग झायलीन उडून जातं, तेल मागे राहतं. कृत्रिम मिथाइल सॅलिसिलेट चालतं, रसायन तेच आहे आणि शुद्धतेची खात्री जास्त. फसगत होते ती दुसऱ्याच तेलात पातळ केलेल्या ‘गंधपुरा मालिश तेला’ने. त्यातलं बाकीचं तेल रबराला काय करेल याचा नेम नाही. सांधेदुखीच्या मलमाचाही उपयोग नाही, वास तोच असला तरी.

नुसतं झायलीन का नको? कारण झायलीन आत जाताना जसं फुगवतं तसं बाहेर येताना उरलंसुरलं प्लास्टिसायझर, मेण आणि ओझोनरोधक द्रव्य सोबत घेऊन येतं. बरणीतलं द्रव दुसऱ्या दिवशी काळं-तपकिरी झालेलं दिसतं, त्यात हे सगळं असतं. नुसत्या झायलीनमध्ये बुडवलेला बूट ओला असताना छान मऊ लागतो आणि आठवड्याभरात आधीपेक्षा कडक आणि किंचित लहान होऊन बसतो. तेल घातल्यावरही हा तोटा थोडा होतोच, फक्त त्याची भरपाई होते. मेण आणि ओझोनरोधक गेल्यामुळे असा बूट पुढे उघड्या हवेत लवकर चिरतो, हे गृहीत धरा.

झायलीनऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून, एकास तीन प्रमाणात, हाच उपाय करणारेही आहेत. वास कमी, फुगणं कमी, पण रबरात शिरण्याची ताकदही बरीच कमी. पातळ ग्रोमेटला पुरतं, जाड बुटाला आठवडा घालवूनही निम्मंच काम होतं. आणि ‘अल्कोहोल आहे म्हणजे सुरक्षित’ या समजुतीत राहू नका. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांनाच पेट घेऊ शकते, झायलीनची २५ ते ३० अंशांच्या आसपास.

करायचं कसं

तीनशे मिली मिश्रणासाठी १०० मिली तेल आणि २०० मिली झायलीन. चार सिलिंडरच्या गाडीचे चार बूट बुडवायला साधारण एक लिटर लागतं, कमी जागेची उंच बरणी घेतली तर कमीत भागतं. बरणी काचेची, झाकण धातूचं. प्लास्टिकचा डबा झायलीनमध्ये मऊ पडतो, पॉलिस्टायरीनचा तर विरघळतोच.

बुडवण्याआधी भाग भांड्यांच्या साबणाने घासून, स्प्रिंगचे बँड आणि क्लॅम्प काढून, पूर्ण कोरडा करा. ग्रीसचा थर राहिला तर तिथून तेल आत जात नाही. मग ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून भागावर दोऱ्याने बांधलेल्या कागदावर लिहून ठेवा. हे वजन पुढे फार कामी येतं आणि बहुतेक जण नेमकं हेच टाळतात.

पातळ ग्रोमेटला चार ते आठ तास, साइड कव्हरच्या रबराला एक रात्र, एअरबॉक्सच्या बुटाला एक ते तीन दिवस. रोज उलटून बघा. घड्याळापेक्षा हाताचा अंदाज महत्त्वाचा: वाकवताना विरोध मावळला की बाहेर काढा. आठवडाभर विसरलेला भाग इतका फुगतो की कडा लाटेसारख्या होतात आणि सुकल्यावरही आकार नीट परत येत नाही.

बाहेर काढलेला भाग साबणाने धुवा आणि त्याच्या मूळ व्यासाच्या साच्यावर सुकवा. लाकडाची गोल दांडी, पाइपचा तुकडा, काहीही चालेल, फक्त व्यास मूळ मापाचा हवा. ओला, फुगलेला बूट टेबलावर आडवा टाकला तर तो अंडाकृती होऊन सुकतो, आणि मग तोंड गोल करायला दुसऱ्यांदा बरणी. वारं खेळेल अशा जागी, उन्हात नव्हे, दोन ते चार दिवस. रोज वजन करा. लागोपाठ दोन दिवस वजन बदललं नाही म्हणजे झायलीन निघून गेलं.

आता सुरुवातीच्या वजनाशी ताडून बघा. समजा बूट आधी ६२ ग्रॅम होता आणि आता ६५ वर स्थिरावला, तर तेल आत राहिलंय. ६१ वर आला असेल तर बरणीने दिल्यापेक्षा जास्त काढून घेतलंय. असा बूट हाताला आज मऊ लागला तरी लवकरच आखडेल. मिश्रण जुनं, काळं झालेलं असेल किंवा तेलाचं प्रमाण कमी पडलं असेल तर असं होतं. ताज्या मिश्रणात तेल एकास दोनऐवजी एकास एक करून पुन्हा बुडवा, किंवा नवा भाग घ्या.

सावधगिरीबद्दल थोडं कडक बोलायला हवं, कारण ‘वनस्पतीचं तेल’ म्हटलं की लोक निर्धास्त होतात. पाच मिली गंधपुरा तेलात साधारण ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. लहान मुलाच्या पोटात एवढं गेलं तर जिवावर बेततं, आणि वास गोड असल्याने मुलं तोंडाला लावतात. ते त्वचेतूनही शरीरात जातं. बरणीवर मोठ्या अक्षरात विष असं लिहा, कुलपात ठेवा. नायट्राइलचे पातळ हातमोजे झायलीनमध्ये काही मिनिटांत फुगतात, शेवटी तेही रबरच. म्हणून चिमटा वापरा आणि मोजे वरचेवर बदला. बरणी गरम पाण्यात ठेवून काम लवकर उरकण्याचा सल्ला कानावर आला तर तिथल्या तिथे नाकारा. झायलीनची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाऊन दूरच्या ठिणगीला गाठते. पेट्रोलच्या टाकीपासूनही बरणी लांब हवी, कारण एक थेंब पडला तरी रंग उचलला जातो.

एअरबॉक्सचे बूट: १० पैकी ८

याच कामासाठी हे मिश्रण बनलंय म्हणा ना. १९६९ ची होंडा सीबी७५० किंवा १९७२ ची कावासाकी झेड१ घ्या. चार कार्बोरेटर एका पट्टीवर जोडलेले, पुढे चार मॅनिफोल्ड, मागे चार बूट, आणि मध्ये जागा इतकी मोजकी की मागचे बूट दबल्याशिवाय कार्बोरेटर पुढच्या तोंडात जातच नाहीत. बूट कडक असले की एक तोंड बसवताना दुसरं निसटतं, जोर लावला की बुटाची कड आत मुडपते. मुडपलेली कड बाहेरून दिसत नाही. गाडी सुरू होते, पण त्या सिलिंडरला गाळणी चुकवून धूळ जाते आणि हवेचा हिशोब बिघडतो.

मऊ केलेले बूट एअरबॉक्सच्या बाजूने आधी बसवा, आत ढकलून ठेवा, तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. पेट्रोलियम ग्रीस नको. कार्बोरेटरची पट्टी पुढे मॅनिफोल्डमध्ये बसली की बूट एकेक करून मागून पुढे ओढा आणि प्रत्येक तोंडाभोवती बोट फिरवून कड बाहेर आलीय याची खात्री करा. मधल्या दोन बुटांना बोट पोचत नसेल तर आरसा आणि टॉर्च. क्लॅम्प त्यानंतरच.

दोन गुण कापले ते टिकाऊपणाचे. कार्बोरेटरकडून उलट फेकल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या तुषारांनी तेल हळूहळू धुतलं जातं, म्हणून बुटाचं कार्बोरेटरकडचं तोंड आधी आखडतं. ही प्रक्रिया कायमची नाही. पण बुटाचं मुख्य काम बसवताना वाकणं हेच असल्यामुळे एकदा नीट बसल्यावर पुन्हा थोडा कडक झाला तरी बिघडत नाही, कड जागेवर असेपर्यंत.

एक साधा पर्यायही आहे. बूट नुसता ताठ आहे, मोडका नाही, तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून गरम असतानाच बसवा, किंवा केस वाळवायच्या यंत्राने तापवा. हाताशी मिनिटभराचा वेळ असतो, तेवढ्यात काम झालं तर बरणीची गरजच नाही. आमच्या मते आधी हेच करून बघावं.

इनटेक मॅनिफोल्ड: १० पैकी ३

इथे रबर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर व्हल्कनाइझ करून चिकटवलेलं असतं. बुडवल्यावर रबर फुगतं, धातू फुगत नाही, आणि त्या जोडावर ताण येतो. सुकल्यावर बाहेरून सगळं छान दिसतं, पण पट्टीच्या मुळाशी केसभर फट राहते. वापरायचंच असेल तर काही तास, एक दिवसाच्या वर नाही. आधी आणि नंतर मॅनिफोल्ड वाकवून मुळाशी, आतून आणि बाहेरून भिंगाने बघा. बाहेरच्या पृष्ठभागावरच्या भेगा पुष्कळदा वरवरच्या असतात, आत पोचलेली एकही भेग असेल तर तो मॅनिफोल्ड संपला.

हवा ओढणाऱ्या मॅनिफोल्डची लक्षणं ठरलेली: रेस सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागतो, आयडल वर-खाली होतो, उतारावर सायलेन्सरमध्ये फटफट. आयडलवर सोडून साध्या पाण्याचा बारीक फवारा मॅनिफोल्डच्या मुळाशी आणि क्लॅम्पच्या कडेला मारा. आरपीएम बदलला की जागा सापडली. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा जास्त स्पष्ट उत्तर देतो, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो मारणं शहाणपणाचं नाही.

मॅनिफोल्डवर खापर फोडण्याआधी त्याच्यामागची ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी गोल रबरी कडी, बघा. कितीतरी वेळा गुन्हेगार तीच असते: चौकोनी, सपाट, प्लास्टिकसारखी टणक. स्क्रू काढताना जपानी गाड्यांवर जेआयएस (जपानी मानकाचा) बिट लावा. फिलिप्सचा बिट त्या खाचेत पूर्ण बसत नाही आणि डोकं चाटतो. पट्टीचा पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर आठच्या आकारात फिरवून सपाट करा. नवी ओ-रिंग बसवून एम६ स्क्रू आळीपाळीने, साधारण १० न्यूटन-मीटरपर्यंत. क्लॅम्पचे कान एकमेकांना टेकले आणि कार्बोरेटर तरीही हाताने फिरतोय, याचा अर्थ रबर आखडलंय. क्लॅम्प आणखी पिळून काही मिळणार नाही.

टू-स्ट्रोकमध्ये तर मॅनिफोल्डला तीनही गुण देऊ नयेत. यामाहा आरडी३५० सारख्या इंजिनात जास्तीची हवा म्हणजे तिच्या मानाने कमी पेट्रोल. पिस्टन जाम होतो किंवा त्याला भोक पडतं. नवा मॅनिफोल्ड त्यापुढे काहीच नाही.

ग्रोमेट, साइड कव्हर, टाकीचे आधार

हे सगळं बरणीत घालायला हरकत नाही, ९ गुण. साइड कव्हरचं कडक ग्रोमेट कव्हरची खुंटी मोडतं, म्हणून हा क्षुल्लक वाटणारा भाग आधी करा. टाकीच्या पुढच्या गोल रबरांना आणि मागच्या गादीला आकार फार बदलू देऊ नका. फुगलेल्या अवस्थेत बसवले तर टाकी वर उचलली जाते. फुटरेस्टच्या रबरावर कंपनीचं रंगवलेलं नाव असेल तर झायलीन ते पुसून टाकेल.

मुठींबाबत फसायला होतं. अनेक मुठी रबराच्या नसतात, पीव्हीसीच्या असतात. झायलीन पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर ओढून घेतं, मूठ आधी लिबलिबीत होते आणि मग हाडासारखी. मुठी नव्याच घ्या. जुन्या जपून काढायच्या असतील तर हँडल आणि मूठ यांच्यात पातळ स्पोक सरकवून आयसोप्रोपिलचे थेंब सोडा आणि पिळा.

हबमधले कपलिंग रबर: २

मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणारे हे ठोकळे दबून झिजतात, नुसते कडक होत नाहीत. गाडी स्टँडवर, गिअरमध्ये ठेवून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. स्प्रॉकेट हलण्याआधी चाक मोकळं फिरतंय आणि ‘टक’ असा आवाज येतोय तर ठोकळे गेले. बरणीत ते मऊ होतील, पण गेलेली जाडी येणार नाही. उलट मऊ ठोकळा जास्त दबेल आणि धक्का चेनवर जाईल. फटीत जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सारणं हा घरी पोचण्यापुरता तोडगा आहे. युरेथेनचे ठोकळे टिकतात खरे, पण नैसर्गिक रबराइतका धक्का खात नाहीत, गिअर पडताना पायाला फरक जाणवतो. याच वर्गातलं ट्रायम्फच्या ट्विनमधलं क्लचच्या हबमध्ये दडलेलं रबर: मोठे आणि छोटे तुकडे आळीपाळीने, मोठे ओढ घ्यायला, छोटे उलट धक्क्याला. ते बसवताना कोळी (रबरांच्या मधला पात्यांचा धातूचा भाग) फिरवून धरायला जुनी क्लच प्लेट कापून केलेला पाना लागतो. ते नवेच लावावेत. इतकं उघडून जुनं परत बसवणं म्हणजे कष्टाची माती.

जिथे बरणी न्यायचीच नाही

ब्रेक. मास्टर सिलिंडरचे कप आणि कॅलिपरचे चौकोनी सील ग्लायकॉलच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात, सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे. झायलीन, पेट्रोल, खनिज तेल यातलं काहीही लागलं की ते फुगतात आणि पिस्टन अडकतो. यांना साफ करायलाही ताजं ब्रेक ऑइल, बसवताना एरंडेलावर आधारित लाल रबर ग्रीस. जपानी कंपन्यांची पुस्तिका बघितली तर आतली सील दोन वर्षांनी आणि ब्रेकचे होज चार वर्षांनी बदला असं छापलेलं सापडतं. चाळीस वर्षांच्या होजबद्दल वेगळं काय सांगायचं? तो आतून सुजतो, दाब कॅलिपरला जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. लोक कॅलिपर खोलत बसतात.

पुढच्या चाकाच्या काट्याची (फोर्कची) सील आणि टू-स्ट्रोकची क्रँक सील (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची) यांचा ओठ धारदार लागतो, मागे स्प्रिंग असते. फुगून सुकलेला ओठ गोल होतो. क्रँक सील संशयित असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सुमारे ६ पीएसआय, म्हणजे ०.४ बार हवा भरा आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधा. जास्त दाब दिला तर चांगली सीलही बाहेर फेकली जाते.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरचा डायफ्रॅम तर कागदाइतका पातळ. क्लीनरच्या फवाऱ्यानेही तो फुगून टोपणाखाली बसेनासा होतो. तसा फुगला असेल तर फेकू नका, एक-दोन दिवस उघडा ठेवला की बहुधा मापात येतो. तपासायला स्लाइड बोटाने वर उचला, डायफ्रॅमच्या वरच्या कप्प्याकडे जाणारी वाट बोटाने बंद करा आणि स्लाइड सोडा. सावकाश खाली आली तर ठीक, धपकन पडली तर कुठेतरी भोक आहे. उजेडासमोर धरून घडीच्या रेषेत शोधा.

टायर मऊ करायला हे मिश्रण चोळणारेही आहेत. नको. बाजूवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीन आकडी कोड असेल तर टायर २००० च्या आधीचा आहे, पुढे काही तपासायला नको.

तयार बाटल्या आणि इतर टोटके

रबर चमकवणाऱ्या सिलिकॉनच्या फवाऱ्याला रबर सुधारणारा म्हणून १ गुण, बसवताना घसरवणारा म्हणून ८. सिलिकॉन तेल रबराच्या आत जात नाही, वर राहतं. रंगकाम होणाऱ्या खोलीत हा फवारा उघडूही नका. हवेतून बसलेल्या थेंबांमुळे नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. ग्लिसरीनमध्ये उकळण्याचा उपाय पाण्याच्या उष्णतेइतकाच चालतो, बाकी ग्लिसरीन बुटाबाहेरच राहतं. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवणं म्हणजे काम कमी आणि रंगाला धोका जास्त.

नवं घेताना

नवं म्हणून मिळणारं ‘जुना साठा’ रबर पिशवीतही पिकत असतं. सीलबंद पाकीट बघून हुरळू नका, विक्रेत्याला भाग बोटांनी चिमटीत दाबलेला फोटो मागा. नव्याने बनवलेल्या मॅनिफोल्डमध्ये तीन गोष्टी तपासा: आतला व्यास आणि कार्बोरेटरच्या तोंडाचा व्यास यांत ०.५ मिमीहून जास्त फरक नको, आतल्या वाटेत पायरी नको, आणि क्लॅम्पची खाच मूळ क्लॅम्पच्या रुंदीला जुळायला हवी. व्हॅक्यूमची नळी निघते त्या खुंटीला साच्याचा धागा चिकटलेला असला तर तो आधी काढा.

कोणतं रबर कुठे, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. पेट्रोलजवळ नायट्राइल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरणार असाल तर फ्लोट चेंबर आणि पेट्रोल कॉकच्या ओ-रिंगसाठी एफकेएम, म्हणजे बाजारातलं वायटन. ब्रेकमध्ये ईपीडीएम, तिथे वायटन आणि नायट्राइल दोन्ही चालत नाहीत. आणि ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगून दीडपट होईल, म्हणून तिकडचं इकडे नको. सिलिकॉनची लाल ओ-रिंग दिसायला छान, पेट्रोलमध्ये निरुपयोगी. कपलिंग आणि टाकीचे आधार नैसर्गिक रबराचे बरे.

ओ-रिंगचं माप जुन्या रिंगवरून घेऊ नका, ती सपाट झालेली असते. खाचेची खोली आणि व्यास मोजा. कडांवर दाबल्या जाणाऱ्या रिंगची जाडी खाचेच्या खोलीपेक्षा इतकी जास्त हवी की दाबल्यावर ती साधारण २० ते ३० टक्के चेपली जाईल. जपानी गाड्यांवर जपानी मानकाच्या मापांची पी मालिका बहुधा जुळते: पी३ ते पी१० ची जाडी १.९ मिमी, पी१०ए ते पी२२ ची २.४, पी२२ए ते पी५० ची ३.५. इंच मापाच्या पेटीतली १.७८ मिमीची रिंग १.९ च्या जागी ‘जवळपास’ बसते, आणि जवळपासच गळते.

उरलेलं मिश्रण घट्ट झाकून ठेवलं तर आणखी दोन-तीन भागांना चालतं. काजळीने अपारदर्शक झालं की तेलाचं प्रमाण किती राहिलंय हे कळायला मार्ग नाही, तेव्हा नवं करा. जुनं मोरीत किंवा मातीत ओतायचं नाही. ज्वलनशील कचरा म्हणून डब्यात, नाव लिहून, रंगाच्या थिनरसोबत द्यायचं. आणि ज्या चिंध्यांनी पुसलं त्या वाळेपर्यंत बाहेर, एकेक पसरून.